कॉरिडॉरमध्ये चालणारी, घरात रांगणारी

मुलीचं नाव बदललं आहे. घरच्यांना विचारून लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. चुका मात्र माझ्याच आहेत, त्या गाळलेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, साडेसात वर्षांच्या लावण्याला घेऊन तिचे आईवडील आणि आजी माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आले. जन्म 31व्या आठवड्यात, वजन 1400 ग्रॅम, त्यानंतर 24 दिवस काचेच्या पेटीत. दीड वर्षाची झाली तरी बसेना म्हणून दाखवलं, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादेचं, निदान झालं. प्रकार स्पॅस्टिक डायप्लेजिया. म्हणजे दोन्ही पायांत ताठरपणा, हात बऱ्यापैकी मोकळे. बोलणं स्वच्छ. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारच्या मैत्रिणींमुळे कामापुरती कन्नड, अशा तीन भाषा तिला येतात. सोलापूरच्या पूर्व भागात ही फार नवलाची गोष्ट नाही.

वडील यंत्रमागावर, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. आई घरी विड्या वळते. आजीला सगळं घर अव्वा म्हणतं, मीही म्हणू लागले. राहायला विडी घरकुलच्या बाजूला, एक खोली आणि स्वयंपाकघर.

लावण्याकडे मागून ओढायचा चाकांचा वॉकर होता, वर्षभरापूर्वी एका शिबिरात मिळालेला. पायात प्लास्टिकचे एएफओ, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारे साचे होते, तेही तोकडे पडलेले. ती वॉकर धरून गुडघे वाकवत, टाचा उचलत, पण न पडता माझ्या कॉरिडॉरमध्ये तीन फेऱ्या चालली. कॉरिडॉर 12 मीटरचा, गुळगुळीत फरशीचा, वर पंखा. तिसऱ्या फेरीला तिने वळून विचारलं, "मॅडम, अजून?"

पहिलं मूल्यमापन

जीएमएफसीएस ही सेरेब्रल पाल्सीतल्या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांची वर्गवारी आहे, पहिली सर्वात सौम्य, पाचवी सर्वात गंभीर. 1997 साली कॅनडात तयार झाली आणि 2007 साली वाढवली गेली. 6 ते 12 वयोगटात तिसरी पातळी म्हणजे घरात-शाळेत हाताने धरायच्या साधनाच्या आधाराने चालणारं मूल, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची. लावण्या स्वतः धरून उभी राहते, बाकावर पाठीच्या आधाराशिवाय बसते, वॉकरने चालते. तिसरी पातळी लिहिली.

जीएमएफएम-88 ही हालचाली करून घेऊन गुण देणारी चाचणी. तिच्यातले उभं राहण्याचे आणि चालण्या-धावण्याचे दोन भाग घेतले. उभं राहण्यात 39 पैकी 16, म्हणजे 41 टक्के. चालण्यात 72 पैकी 16, म्हणजे 22 टक्के. हा दुसरा आकडा आईला रडवतो म्हणून मी तो नेहमी समजावून सांगते: ही चाचणी अनवाणी आणि साधनाविना घेतली आहे, वॉकरने चालणाऱ्या मुलीला त्यात गुण कमीच पडणार.

मग एफएमएस. मूल रोज कसं ये-जा करतं याचं, 2004 साली मेलबर्नच्या बालरुग्णालयातून आलेलं हे साधं मोजमाप आहे. तीन अंतरं: 5 मीटर, म्हणजे घर, 50 मीटर, म्हणजे शाळा, 500 मीटर, म्हणजे बाजार, देऊळ, रस्ता. प्रत्येक अंतराला 1 ते 6 मधला एक आकडा. 1 म्हणजे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी, 2 म्हणजे वॉकर, 3 म्हणजे दोन कुबड्या, 4 म्हणजे एक कुबडी किंवा दोन काठ्या, 5 म्हणजे सपाट जागी आधाराविना, 6 म्हणजे कुठेही आधाराविना. रांगत असेल तर 'सी', ते अंतर मूल पार करतच नसेल तर 'एन'. यात मुलाला चालायला लावून बघायचं नसतं, विचारायचं असतं. मूल काय करू शकतं हे नाही, काय करतं हे.

मी विचारलं, "घरात चालते का?" वडील म्हणाले, "चालते ना. आता बघितलं की तुम्ही." शाळेचं विचारलं. अव्वा म्हणाल्या, "नडुस्तदि." पूर्व भागात इतकी वर्षं काढल्यावर एवढं तेलुगू मला कळतं: चालते. आई गप्प होती. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावला नाही. लांबच्या अंतराला आई कडेवर घेते हे मात्र सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

कागदावर लिहिलं: 2, 2, एन.

त्यावरून योजना आखली. नवे एएफओ, रोज अर्धा तास घरात वॉकरने चालणं, पोटऱ्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं ताणणं, आठवड्यातून दोनदा दवाखाना. उद्दिष्ट होतं, 50 मीटरचा वेग वाढवणं. आज ती फाइल उघडली की जाणवतं, योजना व्यवस्थित होती, फक्त दुसऱ्याच मुलीसाठी होती.

अडचण कशी कळली

ऑगस्टपासून फेऱ्या चुकू लागल्या. सप्टेंबरमध्ये आई पंधरा दिवस आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, एक फेरी तुमच्याकडं म्हणजे दोनशे विड्या जातात माझ्या. आणि घरात वॉकर चालवायला जागा कुठंय?"

हे दुसरं वाक्य मी आधी ऐकायला हवं होतं. तिने ते आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. नेमका पाणी यायचा दिवस. सोलापुरात तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे त्या दिवशी बोळात पाइप, घागरी, बादल्या आणि माणसं, सगळं एकदमच. बोळातून मलाच वाट काढावी लागली. घरात दाराशी पाण्याची दोन बॅरल, एका बाजूला लोखंडी कॉट, मधोमध सूप मांडीवर घेऊन बसलेली आई, भोवती तेंदूपत्त्याची कात्रणं आणि तंबाखूचा भुगा. वॉकर कॉटखाली होता आणि त्यावर गोधड्या. टेपने मोजलं: वॉकरची रुंदी 58 सेंटीमीटर, कॉट आणि बॅरलमधली वाट 47.

लावण्या रांगत होती. बेडकासारखी, दोन्ही गुडघे एकदम पुढे टाकत, आणि फार वेगात. स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली, मला पाणी दिलं, परत गेली. तंबाखूच्या भुग्यातून.

मी तिला विचारलं, "काल शाळेतून आल्यावर हातपाय धुवायला कशी गेलीस?"

"अशीच की."

"आणि शाळेत मधल्या सुट्टीत?"

"बाकावर. मैत्रिणी येतात माझ्याकडं."

"लघवीला?"

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ आणि ताप झाला होता, डॉक्टरांनी औषध दिलं. वडील तिला सायकलवर आणून वर्गाच्या दारात उतरवत, उचलून बाकावर ठेवत आणि पाचला उचलून नेत. मध्ये पन्नास मीटर सोडा, पाच मीटरही नाहीत.

अव्वांना मी पुन्हा विचारलं: जूनमध्ये तुम्ही शाळेत चालते म्हणाला होतात. लावण्याने तेलुगूत सांगितलं आणि मग हसतच मला समजावलं, "मॅडम, अव्वा म्हणत होती, चालेल." तेलुगूत 'नडुस्तदि' म्हणजे चालते, आणि चालेलही तेच. रोजचं आणि पुढचं, एकच रूप. अव्वांनी आशा सांगितली होती, मी ती नोंद म्हणून लिहून घेतली.

मराठीतही हा घोटाळा कमी नाही. "चालते का" या प्रश्नात चालता येतं का, चालायचा सराव करते का आणि चालून जाते का, असे तीन प्रश्न दडलेले असतात. आईबाप त्यातला जो प्रश्न अब्रू राखतो त्याचं उत्तर देतात, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

नवी नोंद: सी, एन, एन.

पातळी बदलायची का

इथे पहिला खरा निर्णय होता. जीएमएफसीएसही रोजच्या वागण्यावर ठरवायची असते. घरात रांगते, शाळेत उचलून नेतात, बाहेर कडेवर. हे वर्णन चौथ्या पातळीच्या जवळ जातं. चौथी लिहिली तर पुढचा प्रत्येक डॉक्टर तिच्याकडे न चालणारं मूल म्हणून बघणार, शस्त्रक्रियेचा विचारही वेगळा होणार. तिसरी ठेवली तर मी पुन्हा कॉरिडॉरमधल्या मुलीलाच धरून बसणार.

मी तिसरी ठेवली. ती आधाराविना बसते, स्वतःहून उठून उभी राहते, वॉकर हाती दिला तर माणसाच्या मदतीविना चालते. ही क्षमता चौथ्या पातळीची नाही. अडथळा तिच्या पायांत कमी आणि 47 सेंटीमीटरच्या वाटेत जास्त होता. शेजारी पेन्सिलने लिहिलं: 'पातळी क्षमतेची, एफएमएस परिस्थितीचा, दोन्हीतलं अंतर हेच काम.' एका सहकाऱ्याचं मत वेगळं पडलं. त्यांच्या मते चौथीच लिहायला हवी होती, निदान सरकारी कागदावर तरी गरज ठळक दिसली असती. हा मुद्दा मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

ताठर स्नायू काही काळ सैल करणारं बोट्युलिनम इंजेक्शन, त्यानंतर प्लास्टर आणि जोरकस व्यायाम. पोटऱ्यांचा ताठरपणा पाहता चुकीचा पर्याय नव्हता. पण खर्च, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आणि त्यानंतरचे सहा-आठ आठवडे आईची मजुरी बंद. आणि मिळणार काय, तर कॉरिडॉरमध्ये थोडं सरळ चालणं. बाकावरून ती उठतच नसेल तर ते सरळ चालणं वापरणार कुठे?

आणखी सराव करून मूळ हालचाली सुधारणं. इथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या कॅनडातल्या मुलांच्या हालचालींच्या वाढीच्या आलेखांनी मला आवर घातला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या आलेखांत तिसऱ्या पातळीची मुलं आपल्या क्षमतेचा सुमारे 90 टक्के टप्पा पावणेचार वर्षांच्या आसपास गाठतात. साडेसातव्या वर्षी जीएमएफएमचे गुण उसळी मारतील अशी आशा आईला दाखवणं बरोबर नव्हतं.

चाकाची खुर्ची. यावर वडील उठूनच उभे राहिले. "खुर्चीत बसवली की संपलं. पाय कायमचे गेले." हा राग मी अनेक बापांच्या तोंडून ऐकला आहे. मी वाद घातला नाही. मोबाइलवर वेळ लावून लावण्याला बोळाच्या टोकापर्यंत वॉकरने चालवलं. 50 मीटरला चार मिनिटं, शेवटी नाडी मिनिटाला 158, घामाघूम. मग वडिलांना विचारलं, शाळा 400 मीटर आहे, एवढं चालून ती वर्गात पोहोचली तर अभ्यास करेल की झोपेल? ते काही बोलले नाहीत. नकारही दिला नाही.

आणि लावण्याला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "गड्ड्याला जायचंय. कडेवर नाही." सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावरचे पाळणे. सगळा वर्ग जातो आणि हिला आईच्या कमरेवरून बघावं लागतं. वजन 19 किलो. आईची कंबर तेव्हाच दुखत होती. एफएमएसमधलं 'एन' हे अक्षर तसं फसवं आहे. अंतर मूल पार करत नाही एवढंच ते सांगतं, कोणाच्या पाठीवरून पार होतं ते सांगत नाही.

एक्स-रेची गोष्ट

ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा गंभीर. जूनमध्ये मी खुब्याचा एक्स-रे विचारलाच नव्हता. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो, सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पाहणीत तिसऱ्या पातळीच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे 40 टक्के निघालं, पहिल्या पातळीत जवळपास शून्य. लावण्याचा शेवटचा एक्स-रे चार वर्षांची असतानाचा होता. सप्टेंबरमध्ये काढला. मायग्रेशन पर्सेंटेज, म्हणजे खुब्याचा किती टक्के गोळा खोबणीबाहेर आहे ते, उजवीकडे 34, डावीकडे 22. तीसच्या वर गेलं की हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, तसं पाठवलं. त्यांनी लगेच शस्त्रक्रिया नको, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, असं सांगितलं. तीन महिन्यांचा उशीर माझ्याकडून झाला होता. सुदैवाने तो महागात पडला नाही.

प्रत्यक्ष काय केलं

घर सोडून दिलं. म्हणजे घरात वॉकर चालवायचा हट्ट सोडला. रांगणं ही त्या खोलीतली सर्वात हुशार हालचाल होती. फक्त तंबाखूच्या जागेभोवती जुनी सतरंजी घालून तिची वाट वेगळी केली आणि कॉटला धरून उभं राहून दप्तर भरणं, वेणी घालून घेणं अशी दिवसातली चार उभी कामं ठरवली. रोजचा अर्धा तास रद्द.

वॉकर शाळेत ठेवला. हा सगळ्यात स्वस्त निर्णय होता आणि सगळ्यात उशिरा सुचला. वर्ग दोन पायऱ्या वर, मिळून 30 सेंटीमीटर उंची. एकास बारा उताराने रॅम्प करायचा तर 3.6 मीटर लांबी लागते, समोर जागा अडीच मीटर. मुख्याध्यापिका बाई आधी जरा सावध होत्या, तक्रार घेऊन आले आहे असं त्यांना वाटलं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचा कागद माझ्या पिशवीत होता, तो मी बाहेर काढला नाही. मुलगी पाणी पीत नाही, एवढंच सांगितलं. बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि रॅम्पऐवजी वर्गच हलवला. दुसरीचा वर्ग कोपऱ्यातल्या खोलीत, जिथे एकच 12 सेंटीमीटरची पायरी होती. तिथे दीड मीटरचा सिमेंटचा उतार एका पालक गवंड्याने रविवारी करून दिला. शौचालयाच्या भिंतीला गॅल्व्हनाइज्ड पाइपची दांडी आणि भारतीय बैठकीवर ठेवायची लोखंडी खुर्ची. शाळेतल्या मावशींना मी आणि आईने मिळून शिकवलं की उचलायचं नाही, फक्त मागे उभं राहायचं.

खुर्ची डिसेंबरमध्ये साहाय्यक उपकरणांच्या सरकारी शिबिरातून आली. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागलं. जुना दाखला कागदी होता, नवा होईपर्यंत वडिलांच्या तीन पाळ्या बुडाल्या. मिळालेली खुर्ची तिला दोन इंच रुंद होती. बाजूला फोमच्या पट्ट्या बसवल्या, पावलांची पट्टी वर घेतली.

दवाखान्याच्या फेऱ्या आठवड्यातून दोनऐवजी महिन्यातून दोन.

निकाल

मार्चमध्ये, नऊ महिन्यांनी, पुन्हा मोजलं. उभं राहण्यात 39 पैकी 18, चालण्यात 72 पैकी 17. एखाद्या अहवालात हे आकडे बघितले तर कोणी म्हणेल, काहीच झालं नाही. एफएमएस मात्र सी, 2, 1. घरात रांगते, शाळेत वॉकर, रस्त्यावर खुर्ची. या वेळी एकेका अंतरासाठी तिघांना वेगवेगळं विचारलं, मुलीला पहिलं, आणि प्रत्येक प्रश्न 'काल'ने सुरू केला. तिघांची उत्तरं जुळली. शाळेत पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येते. उजव्या खुब्याचा आकडा 36. मोजणीतल्या फरकात बसतो, तरी लक्ष ठेवायचं.

जानेवारीत ती गड्ड्याला गेली. होम मैदानाच्या मातीत पुढची छोटी चाकं रुतली आणि वडिलांनी खुर्ची उलटी करून मागे ओढत नेली. पाळण्यात बसवताना मात्र उचलावंच लागलं. तिने मला सांगितलं, "तेवढं चालतं."

आज हेच मूल आलं तर

पहिल्या भेटीत कॉरिडॉर शेवटी ठेवेन. आधी कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत विचारेन, मग चालायला लावेन, कारण एकदा डोळ्यांसमोर मूल चाललं की नंतरचं कोणतंही उत्तर त्या चालण्याला धरूनच ऐकलं जातं. आईशी थोडा वेळ एकटीने बोलेन. तेलुगू किंवा कन्नड घर असेल तर दुभाषी घेईन, आणि दुभाषी म्हणून मुलाला वापरणार नाही. लावण्याने निभावलं, पण स्वतःच्या लघवीबद्दलचा प्रश्न तिनेच भाषांतर करावा असं मी जवळपास घडवून आणलं होतं.

घरभेट पहिल्या महिन्यातच करेन. वेळ नाही ही सबब मला मान्य नाही. चुकीच्या योजनेत माझे तीन महिने आणि त्या आईच्या काही हजार विड्या गेल्या. घरी जाणं जमलंच नाही तर दाराचा, वाटेचा आणि संडासाचा फोटो मागवेन, बाजूला टेप लावून.

एका गोष्टीबद्दल अजून मन साशंक आहे. बोट्युलिनमचा पर्याय मी फार लवकर बाजूला ठेवला का? आता ती रोज शाळेत चालते आहे, म्हणजे सरळ चालण्याचा उपयोग होण्याची जागा तयार झाली आहे. पोटऱ्या गेल्या वर्षापेक्षा घट्ट आहेत, उंची चार सेंटीमीटरने वाढली आहे. जूनमध्ये हाडांच्या डॉक्टरांसमोर हा प्रश्न पुन्हा मांडायचा आहे.

आणि शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला जी जवळची शाळा पडते तिथले वर्ग पहिल्या मजल्यावर आहेत. मध्ये दोन वर्षं आहेत. वडिलांनी मागच्या रविवारी जाऊन जिन्याच्या पायऱ्या मोजल्या: बावीस, मध्ये एक वळण, कठडा एकाच बाजूला.